रॅकवर एक दर, बिलात दुसरा: बेळगाव भागात नव्याने बाजार करणाऱ्यांसाठी

बेळगावात नव्याने राहायला आलात, की महिन्याचा बाजार कुठे भरायचा हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. रविवार पेठेत, खडे बाजारात अजून दर विचारून, थोडी घासाघीस करून माल घेता येतो. सुपरमार्केटमध्ये विचारावं लागत नाही, दर रॅकवरच्या पट्टीवर छापलेला असतो. नोकरीनिमित्त आलेली कुटुंबं, खोली करून राहणारी मुलंमुली, खानापूर-चंदगडकडून सणाच्या खरेदीला येणारी माणसं म्हणूनच तिकडे वळतात. आणि मग कधीतरी घरी येऊन बिल चाळताना लक्षात येतं, की तेलाच्या पिशवीखाली १४२ लिहिलं होतं आणि लावलेत १५५.

हे तेरा रुपये मागायला लाजायचं काही कारण नाही. पण सीमाभागात पुष्कळ मराठी माणसं इथेच गप्प बसतात. बिल इंग्रजीत, पाट्या कन्नडमध्ये, काउंटरवरची पोरं आपसात कन्नड बोलणारी, मागे रांग तुंबलेली. ‘जाऊ दे’ म्हणून पैसे दिले जातात. मला हे मनापासून खटकतं, कारण यातल्या प्रत्येक टप्प्यावर ग्राहकाच्या हातात काही ना काही असतं. फक्त ते कोणत्या टप्प्यावर किती आहे, हे आधी माहीत हवं.

तीन किमती वेगळ्या ओळखा

एका पाकिटाशी तीन आकडे जोडलेले असतात: पाकिटावर छापलेला, रॅकच्या पट्टीवरचा आणि बिलातला. कायदा तिघांकडे सारख्या नजरेने बघत नाही.

पाकिटावरची छापील किंमत म्हणजे एमआरपी. ही सगळे कर धरून असते. वैध मापनशास्त्र कायदा २००९ आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार दुकानदाराला त्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. वर जीएसटी वेगळा, बाटली थंड केल्याचे दोन रुपये वेगळे, असलं काही चालत नाही. हॉटेल आणि रेस्टॉरंटची गोष्ट निराळी. तिथे बसण्याची सोय आणि सेवाही दिली जाते, म्हणून बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं. ती सवलत दुकानाला नाही, आणि टपरीवरच्या फ्रीजलाही नाही.

पट्टीवरचा दर हा दुकानाने स्वतः दिलेला शब्द. इथे थोडं थांबून नीट सांगायला हवं, कारण ‘पट्टीवर आहे त्याच दराला द्यावंच लागतं’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो पूर्ण बरोबर नाही. कराराच्या कायद्यात रॅकवर मांडलेला माल हे खरेदीचं निमंत्रण समजलं जातं. सौदा पक्का होतो तो काउंटरवर. त्यामुळे पैसे देण्याआधी दुकान म्हणू शकतं, की पट्टी जुनी आहे, आजचा दर वेगळा आहे. त्याच न्यायाने तुम्हीही म्हणू शकता, की मग मला नको. घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही.

पण एवढ्यावर दुकान सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. ज्या सवलतीच्या दराने विकायचा इरादाच नाही, तो दर जाहीर करणंही त्यातच येतं. शिवाय वस्तूवर किंवा तिच्या वेष्टनावर दाखवलेल्या किमतीपेक्षा, किंवा दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम घेतली, तर तक्रार करता येते. आता पट्टी रॅकला असते, वस्तूला नसते, हा बारकावा दुकानाची बाजू मांडणारा काढू शकतो. म्हणून दुकानाचा स्टिकर थेट पाकिटावर चिकटवलेला असेल, तर तुमची बाजू जास्त भक्कम.

थोडक्यात, छापील किमतीच्या वर घेतलं असेल तर वादच नाही, ते बेकायदा. छापील किमतीच्या आत पण पट्टीपेक्षा जास्त घेतलं असेल, तर पुरावा लागतो, आणि तो मिळवायची जागा रॅकपाशी आहे.

रॅकपाशी काय बघायचं

पट्टी वाचताना फक्त मोठा आकडा वाचू नका. वर बारीक अक्षरात वस्तूचं नाव आणि वजन असतं. तेलाची पिशवी एक लिटरची आणि त्याहून थोडी कमी भरलेली शेजारी-शेजारी असते. चहाची पुडी ५०० ग्रॅमची आणि त्यावर थोडी जास्त भरून आलेलीही असते. पुष्कळदा पट्टी शेजारच्या मालाची निघते, कारण आधीच्या गिऱ्हाइकाने पाकीट उचलून दुसरीकडे ठेवलेलं असतं. काही दुकानांच्या पट्टीवर बारकोडचे आकडे असतात. त्यातले शेवटचे चार पाकिटावरच्या बारकोडशी जुळवले, की पट्टी त्याच मालाची आहे की नाही हे तिथेच कळतं.

सवलत असेल तर तिची तारीख आणि अट बघा. ‘दोनवर एक मोफत’, ‘अमुक रुपयांच्या खरेदीवर’, ‘फक्त कार्डधारकांना’ हे शब्द नेहमी आकड्याच्या पायथ्याशी असतात. दर बहुतेक ठिकाणी संगणकात एकदम बदलतो, पट्ट्या मात्र माणसाला हाताने बदलाव्या लागतात. रविवारी संपलेल्या ऑफरची पट्टी सोमवारी सकाळी तशीच असते, ती यामुळे. सोमवारी बाजार भरत असाल तर हे खास लक्षात ठेवा.

मग मोबाइलवर एक फोटो घ्या, ज्यात पट्टी आणि पाकीट दोन्ही एकत्र दिसतील. सगळ्या मालाचे फोटो काढत बसायची गरज नाही. मोठी सूट असलेल्या चार-पाच वस्तूंचे पुरे. फोटोला कुणी हरकत घेतली, तर तिथल्या कर्मचाऱ्यालाच बोलावून दर विचारा आणि त्याला काउंटरपर्यंत यायला सांगा.

पाकिटावर दोन किमती दिसल्या तर गोंधळू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तूप-लोण्यावरचा १२ वरून ५ वर. कर उतरला की जुन्या छापील किमतीच्या पाकिटावर नव्या, कमी किमतीचा स्टिकर लागतो. नियमाप्रमाणे स्टिकर लावून किंमत कमी करता येते, वाढवता येत नाही, आणि मूळ छापील आकडा झाकताही येत नाही. खोडलेली, खरवडलेली किंवा शाईने काळी केलेली किंमत दिसली, तर ते पाकीट घेऊच नका. फोटो मात्र जरूर घ्या.

काउंटरवर: सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं

पैसे देण्याआधी तुमचा जोर सर्वांत जास्त असतो. एकदा यूपीआयचा आवाज झाला, की तेच काम दसपट कष्टाचं होतं. म्हणून ज्या वस्तूंच्या दराबद्दल खात्री नाही, त्या काउंटरवर सगळ्यात शेवटी ठेवा आणि स्कॅन होताना स्क्रीनकडे बघा. स्क्रीन तुमच्याकडे वळलेली नसेल तर वळवायला सांगा.

फरक दिसला की शांतपणे, पण लगेच बोला. मराठीत बोललात तरी बेळगाव, निपाणी, खानापूर इथे बहुतेक जण समजून घेतात. दुसऱ्या बाजूला कन्नडच चालत असेल तर एवढं वाक्य पुरतं: “अण्णा, रेट ब्यारे ऐतरी, स्वल्प नोडरी.” म्हणजे दर वेगळा आहे, जरा बघा. बाई असतील तर अण्णाच्या जागी अक्का. आवाज चढवायची गरज नाही. काउंटरवरच्या त्या मुलाने ना पट्टी लावलेली असते, ना संगणकात दर भरलेला. त्याच्यावर चिडून काही मिळत नाही. दर बदलायचा अधिकार सुपरवायझरचा असतो, म्हणून त्यांनाच बोलवायला सांगा.

शहापुरातल्या एका दुकानात पाहिलेलं सांगते. कडोलीकडच्या असाव्यात अशा एक मावशी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. बिल होताना त्यांनी गुळाची ढेप पुन्हा उचलून धरली. “पोरा, तिथं अठ्ठ्याण्णव लिवलंय. तू एकशेबारा लावलास.” मुलाने परत स्कॅन केलं, परत एकशेबारा. मावशी हलल्या नाहीत. “मग तिथलं कागद घेऊन ये की.” कुणीतरी जाऊन पट्टी काढून आणली. तारीख दोन दिवसांपूर्वीची, पण आकडा अठ्ठ्याण्णवच. सुपरवायझरने मान हलवली आणि दर बदलून दिला. रांगेतल्या आणखी दोघांच्या टोपलीत तीच ढेप होती. त्यांनाही तोच दर मिळाला. मावशींनी कायद्याचा एकही शब्द उच्चारला नव्हता.

मात्र दुकानाने ऐकलंच नाही, तर तिथे तीन पर्याय उरतात. वस्तू बिलातून काढायला लावा; बिल निघालेलं असलं तरी ते रद्द करून नवीन काढता येतं. वस्तू हवीच असेल, तर फरकाची नोंद करून, फोटो जपून पैसे द्या आणि पुढे सांगितलेली तक्रारीची वाट धरा. किंवा टोपली तिथेच ठेवून निघून या. तिसरा पर्याय वापरायला आपल्या माणसांना फार संकोच वाटतो. वाटू नये.

कॅरीबॅगचं वेगळं सांगते. आधी न सांगता, बिल करताना पिशवीचे पैसे गपचूप लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाच्या प्रकरणात म्हटलं. बिलात पिशवीची ओळ दिसली आणि तुम्हाला विचारलेलं नसेल, तर ती काढायला सांगा.

बिल कसं वाचायचं

दारातून बाहेर पडण्याआधी, पिशव्या भरत असतानाच वाचा. ओळीत साधारणपणे नाव, नग, एमआरपी, रेट आणि रक्कम असते. फसगत होते ती नगाच्या रकान्यात, कारण एकच साबण दोनदा स्कॅन झालेला असतो. आणि ‘तुमची बचत’ या तळच्या ओळीत, कारण ती छापील किमतीच्या तुलनेत मोजलेली असते. छापील किंमत १७५, पट्टी १४२, बिल १५५ असेल तर बिल सांगेल की तुमचे २० रुपये वाचले. त्या आनंदात पट्टीशी असलेला १३ रुपयांचा फरक दिसत नाही.

बिल मागायचा हक्क प्रत्येक खरेदीला आहे. खरेदी २०० रुपयांच्या आत असली, तरी मागितल्यावर ते द्यायला हवं, आणि बिल न देणं ही स्वतःच अनुचित प्रथा आहे. हे बिल उष्णतेवर छापलेलं असतं. दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडून जातात. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

जास्त घेतलेली रक्कम परत मिळताना ज्या मार्गाने दिली त्याच मार्गाने मागा. पुढच्या खरेदीत वळती करू, म्हणून क्रेडिट नोट दिली तर ती घ्यायलाच हवी असं नाही. आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीला घाबरू नका. माल सदोष असेल तर बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेणं दुकानावर बंधनकारक आहे. आवडला नाही म्हणून परत करणं हा वेगळा मुद्दा. ते दुकानाच्या धोरणावर.

सुट्या मालाबद्दल एकच गोष्ट: वजन निव्वळ हवं. कुंद्याचा खोका कुंद्याच्या दराने मोजायचा नसतो. आधी रिकामा खोका ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा.

दुकान दाद देत नसेल तर

आधी दुकानाकडेच लेखी द्या. ई-मेल चालेल, साध्या कागदावर लिहून त्याच्या प्रतीवर पोच घेतली तर उत्तम. मजकूर चार ओळींचा पुरे:

“दिनांक अमुक रोजी बिल क्रमांक अमुकने खरेदी केली. तेलाच्या एक लिटर पिशवीची रॅकवरील किंमत १४२ रुपये होती, बिलात १५५ रुपये लावले. रॅकचा आणि बिलाचा फोटो जोडला आहे. जादा १३ रुपये पंधरा दिवसांत परत करावेत.”

बेळगावातल्या दुकानाला मराठीत लिहिलं तरी कळेल, पण साखळी दुकानाचं मुख्य कार्यालय बाहेर असतं. म्हणून तीच चार वाक्यं इंग्रजीतही करून घ्या. घरातली शाळकरी मुलंही हे करून देतील.

त्यानंतर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. फुकट आहे, आणि मराठी, कन्नड दोन्हींत बोलता येतं. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. तो बिलाच्या फोटोसोबत ठेवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पोचवून पाठपुरावा करते. छोट्या रकमेसाठी माझ्या मते हीच वाट सर्वांत सोयीची, कारण मोठ्या साखळीच्या ग्राहक विभागाला तेरा रुपये परत करणं तक्रार उघडी ठेवण्यापेक्षा सोपं वाटतं.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं असेल, किंमत खोडलेली असेल किंवा वजन कमी भरत असेल, तर ज्याला आपण वजनमापे खातं म्हणतो तिथे जा. कर्नाटकात त्याच्या पाटीवर ‘कानूनु मापनशास्त्र इलाखे’ असं असतं. शक्य असेल तर पाकीट न फोडता बिलासह दाखवा. इथे एक गोष्ट आधीच समजून घ्या: हे खातं दुकानाला दंड करतं आणि तो दंड सरकारजमा होतो. तुमचे पैसे त्यातून परत येत नाहीत. पण पुढच्या शंभर गिऱ्हाइकांसाठी तो दर सुधारतो, म्हणून तक्रार करायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. सीमेवर राहणाऱ्यांना इथे एक मोठी सोय आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. २०१९ च्या कायद्याने दुकान जिथे आहे त्याच जिल्ह्यात तक्रार करायची सक्ती काढून टाकली. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथेही ती दाखल करता येते. शिनोळीत किंवा चंदगडात राहून बेळगावात खरेदी केली असेल, तर कोल्हापूरच्या आयोगाकडे जाता येईल, आणि कामकाज मराठीत समजून घेणं सोपं जाईल. उलट, निपाणीत राहून कागल-कोल्हापुरात खरेदी केली असेल तर बेळगावच्या आयोगाकडे. हल्याळ, जोयडा, कारवार भागातल्यांना कारवारचा. भालकी, औरादकडच्यांना बीदरचा. वजनमापे खात्याचं मात्र तसं नाही. दुकान ज्या राज्यात, तक्रार त्याच राज्याच्या खात्याकडे. बेळगावच्या दुकानात कोल्हापूरचा निरीक्षक येऊ शकत नाही.

वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाकडे फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. निपाणी किंवा अथणीहून बेळगावला खेपा घालायच्या नसतील, तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येतं आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंतीही करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. तपासणीची गरज नसलेली प्रकरणं तीन महिन्यांत निकाली काढावीत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे धरून चाला.

तेरा रुपयांसाठी एकट्याने आयोगात जाणं बहुतेकांना परवडणार नाही, आणि तसा आग्रह मी धरणार नाही. पण तीच पट्टी महिनाभर तशीच असेल, वारंवार सांगूनही बदलत नसेल, आणि सोसायटीतल्या, गल्लीतल्या चार-पाच घरांकडे तीच बिलं असतील, तर आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने एक तक्रार दाखल करता येते. अशा वेळी नुकसानभरपाईबरोबर ही प्रथा बंद करण्याचा आदेशही मागा; आयोगाला तो अधिकार आहे. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, म्हणून प्रकरण संपेपर्यंत मूळ बिल, फोटो, पोच आणि हेल्पलाइनचा क्रमांक एकाच पाकिटात ठेवा.